मोकाटांना मालक हवा

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने भटक्या कुत्र्यांचा प्रश्न दिल्लीतून थेट परभणी, पूर्णा आणि गंगाखेडच्या दारात आणून ठेवला. न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवा, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करा, त्यांना निवाऱ्यात ठेवा आणि पुन्हा त्याच जागी सोडू नका, असे देशभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना बजावले. त्याआधी २२ ऑगस्टला याच खंडपीठाने नसबंदी आणि लस झालेली कुत्री, ती पिसाळलेली किंवा आक्रमक नसतील तर, त्यांच्या मूळ भागात सोडण्यास सांगितले होते. त्या ऑगस्टच्या आदेशातली एक तरतूद मात्र पुढच्या गदारोळात हरवून गेली. प्राणिप्रेमी व्यक्तीला महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येईल आणि ते कुत्रे परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्या व्यक्तीची राहील, अशी ती तरतूद. परभणीसारख्या जिल्ह्यासाठी या सगळ्या आदेशांतली सर्वांत कामाची ओळ हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण साधे आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आवारातले, बसस्थानकातले किंवा पूर्णा जंक्शनच्या फलाटावरचे कुत्रे उचलले, तर ते ठेवायचे कुठे? निवारा बांधता येईल, पण त्यातून बाहेर पडायची वाट नसेल तर तो काही महिन्यांत तुडुंब भरेल. नगरपालिकांना कोंडवाडे नवे नाहीत. कोंडवाड्यात गेलेली म्हैस मालक दंड भरून सोडवून नेतो. मोकाट कुत्र्याला सोडवायला कोण येणार? दाटीवाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत पार्वो आणि डिस्टेंपर वणव्यासारखे पसरतात. मग निवारा हा केवळ मरणाची जागा बदलण्याचा प्रकार ठरतो. परत सोडायचे नाही आणि कायम ठेवताही येत नाही, अशा कुत्र्यांसाठी तिसरी वाट एकच, ती म्हणजे घर.

घर कोणासाठी शोधायचे, हेही नीट समजून घेतले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांची संख्या पावणेतेरा लाखांच्या घरात होती. एवढ्या सगळ्यांना घरे मिळतील असे कोणी म्हणत नाही. वस्तीत रुळलेल्या, लोकांच्या ओळखीच्या, प्रौढ कुत्र्यांना नसबंदी आणि लस करून तिथेच राहू देणे हाच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा आहे आणि तो बरोबर आहे. घराची गरज आहे ती पिल्लांना, मालकांनी सोडून दिलेल्यांना, अपघातात अधू झालेल्यांना आणि ज्यांच्या परतीची वाट आता न्यायालयानेच बंद केली आहे त्यांना.

यातली पिल्ले सर्वांत आधी. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गर्भ दोन महिन्यांचा, त्यामुळे दिवाळीच्या मागेपुढे पिल्ले जन्मतात आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत थंडी पडू लागते. परभणीची थंडी काय असते ते कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचे आकडे दर हिवाळ्यात सांगतात. चहाच्या टपरीमागे, फाटक्या गोणपाटावर पाच-सहा पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली असतात. पोट फुगलेले असते, म्हणजे जंत. कानाच्या आत गोचिडांची रांग. कोणी मायेने दूध पाजतो आणि त्या दुधानेच पिल्लाला हगवण लागते. त्यातले धिटाईने पुढे येणारे पिल्लू उचलले जाते किंवा चाकाखाली जाते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या वेतांचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जगलेली पिल्ले जेमतेम १९ टक्के निघाली आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे या ना त्या रूपाने माणूस होता. तरीही रस्त्यावरची संख्या कमी होत नाही, कारण उरलेल्या एखाद्या मादीला पुढच्या भाद्रपदात पुन्हा तेवढीच पिल्ले होतात. हे चक्र मरणाने तुटत नाही, नसबंदीने तुटते.

आपल्या जिल्ह्याचे आणखी एक वेगळे दुखणे आहे. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागांतली गावे आणि तांडे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरे, शेळ्या चढतात. काही कुत्री टोळीबरोबर जातात, काही बंद दारापाशी मागे राहतात. चार-पाच महिने त्या वस्तीत चतकोर टाकणारे कोणी नसते. भुकेली कुत्री मग गावाकडे, उकिरड्याकडे आणि मांसाच्या दुकानांकडे सरकतात, टोळी करतात, शेळ्यांवर जातात. यात दोष पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचा नाही. त्यांच्या मुलांच्या शाळेचीच जिथे आबाळ होते, तिथे कुत्र्याचे काय? पण टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबरमध्येच, या तांड्यांवर लस आणि नसबंदीचे शिबिर घेणे पशुसंवर्धन विभागाला अवघड नाही. मागे राहणाऱ्या कुत्र्यांची नोंद तेव्हाच झाली, तर त्यांची सोय लावता येईल.

कुत्रे चावण्याची भीती खोटी नाही आणि ती वाटणाऱ्याला निर्दयी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मोटारीतून फिरणाऱ्याला कुत्रे चावत नाही. ते चावते पहाटे झाडूकामाला निघालेल्या बाईला, रात्रपाळीहून सायकलवर परतणाऱ्याला, अंगणात खेळणाऱ्या लेकराला. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतात जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून पुन्हा सांगतो: कुत्रे चावल्यावर जखमेला हळद, चुना, मिरची लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

भीती खरी असली तरी तिच्यावरचा उपाय कुत्री मारणे हा नाही. मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारने कुत्री मारण्यावर बक्षीस लावले, पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे ठिकठिकाणी पालिका कुत्री मारत राहिल्या. संख्या घटली नाही, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात आणि ती लस न झालेली असतात. याउलट गोव्यात सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी २०१४ पासून दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांमधून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. कुत्र्याला घर मिळणे म्हणजे त्याला दरवर्षी लस टोचून घेणारा माणूस मिळणे. कुत्र्यावर प्रेम करणारा आणि कुत्र्याला घाबरणारा, दोघांचेही हित इथे एकच आहे.

आता घर देण्याच्या रीतीविषयी. आज आपल्याकडे दत्तक देणे म्हणजे कोणाच्या तरी पिशवीत पिल्लू घालून देणे. अवघ्या महिन्याभराचे, आईच्या दुधावरचे पिल्लू जाते, आठवड्यात आजारी पडते आणि गावाबाहेर सोडले जाते. पिल्लू किमान दोन महिने आईजवळ राहिले पाहिजे. जंताचे औषध आणि पहिली लस झाल्यावरच ते हाती दिले पाहिजे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि सहा महिन्यांनंतर नसबंदी. म्हणजे पिल्लू देताना नसबंदी झालेली नसते, ती पुढे व्हायची असते. नेमकी इथेच साखळी तुटते. म्हणून घेणाऱ्याचे नाव, पत्ता, पुढच्या तारखा यांची नोंदवही हवी आणि तारीख उलटली की फोन करणारा माणूस हवा. आणि जमलेच नाही, तर रस्त्यावर न सोडता कुत्रे परत आणून द्यायची मुभा हवी. परत आणणाऱ्याला अपराधी ठरवले, तर तो पुढच्या वेळी अंधारात सोडून येईल.

दुसरी गोष्ट मादी पिल्लांची. पिल्लू घ्यायला आलेल्याचा पहिला प्रश्न असतो, "नर आहे का?" मादी नको, कारण दर वर्षी पिल्ले कोण सांभाळणार? म्हणून माद्या मागे राहतात, पोत्यात भरून नदीकाठी सोडल्या जातात आणि पुढच्या पिढ्यांच्या आया होतात. नसबंदीची हमी मोफत आणि पक्की मिळाली, तर ही भीती उरत नाही. मादी तेवढीच राखणदार, तेवढीच इमानी असते. दत्तक मोहिमेचे यश किती नर गेले यावर नव्हे, किती माद्या घरी गेल्या यावर मोजले पाहिजे.

आणि परभणी जिल्ह्यात घरे कमी नाहीत. शहरातल्या फ्लॅटपुरता हा विचार करू नये. इथे शेताशेतात आखाडे आहेत. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला, मोटारीची केबल चोरणाऱ्यांवर भुंकायला प्रत्येक आखाड्याला कुत्रे लागतेच. इथल्या उन्हाला आणि मातीला सरावलेला गावरान कुत्रा त्यासाठी कोणत्याही विकतच्या जातीपेक्षा टणक. अट एवढीच, की त्याला दिवसभर उन्हात साखळीला जखडायचे नाही, पाणी-भाकरीचा नेम हवा आणि लस चुकवायची नाही. दुसरीकडे हौसेने हजारो रुपये मोजून आणलेले लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड पुढे खर्च झेपत नाही म्हणून बायपासवर सोडले जातात. घरात वाढलेल्या त्या जनावराला रस्ता ओलांडताही येत नाही. असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये! संसदेने हा कायदा सुधारायलाच हवा. तोवर पाळीव कुत्र्यांची नोंदणी सक्तीची करून मालकाला बांधून घेणे पालिकांच्या हाती आहे.

हे सगळे करायला परभणीत जे आहे ते मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत नाही. १९७२ पासून इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या या महाविद्यालयात शिकवणारे शल्यचिकित्सक आहेत आणि शिकणारे विद्यार्थी आहेत. त्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा हात बसायला हवा आणि महापालिकेला नसबंदी करणारे हात हवेत. दोघांत करार व्हायला अडचण कसली? प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असावी, तिने दवाखाना आणि निवारा चालवावा, असे केंद्राचे २००१ चे नियम सांगतात. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांनी नियमित बैठकांनी जिवंत ठेवली पाहिजे. जिल्ह्यातल्या सात नगर परिषदा आणि पालमची नगरपंचायत यांना प्रत्येकी स्वतंत्र केंद्र परवडणार नाही. एक सामायिक केंद्र आणि तालुक्यांसाठी एक गाडी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मुंबईत 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' १९८५ पासून आणि पुण्यात 'रेस्क्यू' ही संस्था असे काम करत आली आहे. तिथली पद्धत इथे आणता येईल.

'इथे माणसांचे हाल कुत्रा खात नाही, तिथे कुत्र्यांचे कौतुक कशाला?' असे विचारले जाईल. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यात हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर असे, की कुत्र्यांची व्यवस्था न लावल्याची किंमत गरीबच मोजतो: चावा त्याला, बुडालेली मजुरी त्याची, मेलेली शेळी त्याची. नसबंदी आणि लसीवरचा खर्च हा सार्वजनिक आरोग्याचा खर्च आहे. आणि करुणा ही कोणाच्या वाट्यातून काढून दुसऱ्याला द्यायची वस्तू नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव नरसीचे, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत नरसी आपल्याच जिल्ह्यात होते. ज्या भागाने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला दया शिकवण्याची गरज नाही. दारात चतकोर टाकणारे हात इथे घरोघरी आहेत. उणीव आहे ती त्या कुत्र्यामागे आपले नाव लिहून देणाऱ्यांची.

म्हणून आमची मागणी मुदतीसह आहे. येत्या भाद्रपदाच्या आत महापालिका आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनी नसबंदीचा करार करावा. जिल्हाधिकाऱ्यांनी प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीची बैठक घेऊन सामायिक केंद्राची जागा ठरवावी. दत्तक अर्जाचा साधा, एका पानाचा मराठी नमुना प्रत्येक नगरपालिकेत ठेवावा आणि महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी दत्तक शिबिर भरवावे. ज्यांना कुत्रा पाळायचाच आहे, त्यांनी विकत घेण्याआधी त्या शिबिरात एक चक्कर मारावी आणि शक्य असेल तर मादी घरी न्यावी. प्रशासनाने वाट मोकळी केली, तर परभणीकर मागे राहणार नाहीत, याची आम्हाला खात्री आहे.