दारफळणी आणि शिळा सण

परवा लेकीने तिचा जुना मोबाईल उघडला आणि त्यातला एक व्हिडिओ मला पाठवला. जुलै २०२० मधला. अश्दोदला तिच्या घरी माझ्या नातवाची सुंता चालली आहे. बाळ आठ दिवसांचं. खोलीत मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत आम्ही दोघं, ठाण्याच्या घरातल्या सोफ्यावर. ह्यांनी टोपी घातली आहे आणि मांडीवर उशी घेतली आहे.

आमच्यात सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन बसणं हा मोठा मान असतो. बऱ्याच घरांत तो आजोबांना मिळतो. त्यांच्या मांडीवर उशी आणि उशीवर बाळ. ह्यांनी मला न सांगता आतून उशी आणली होती. मी तेव्हा हसले. म्हटलं, "अहो, बाळ तिकडे आहे, इथे नुसती उशी." तर म्हणाले, "माहीत आहे गं. असू दे."

एप्रिल २०२१ मध्ये हे गेले. कोविडने नाही, हृदयविकाराने. नातवाला एकदाही मांडीवर न घेता.

आता हे सगळं कशाला उगाळत बसलीस, असं धाकटी बहीण म्हणेलच. रडगाणं गायला बसलेली नाही. पण त्या दोन वर्षांबद्दल आता कुणी बोलतच नाही आणि जे आपण बोलत नाही ते पुढच्या वेळी पुन्हा तसंच होतं, असं पस्तीस वर्षं शिकवल्यावर माझं मत झालं आहे. म्हणून लिहिते.

ज्यांना आमच्याविषयी फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी आमच्यात कथा सांगतात. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावकरी आम्हाला शनिवार तेली म्हणत. बोली मराठी, आडनावं गावावरून. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. आज लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे आमची मराठी बोलणारी घरं आहेत, आणि इथे आम्ही फार थोडे उरलो आहोत. त्यामुळे आमच्यातल्या कितीतरी आजीआजोबांची नातवंडं समुद्रापलीकडे आहेत.

आमच्या सणांना जुनी मराठी नावं आहेत. योम किप्पूरला आमची आजी दारफळणीचा सण म्हणायची. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे जायचं, गोरगरिबांना दानधर्म करायचा. आजी म्हणायची, दारफळणी एकट्याने होत नाही, तिला शिळा सण लागतो.

मार्च २०२० मध्ये जगभर दारफळणी झाली. इस्राएलने परदेशी माणसांना दार बंद केलं, भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या धर्मात पिकुआख नेफेश म्हणून तत्त्व आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथसुद्धा मोडायचा. रोग नवा होता, औषध नव्हतं, लस नव्हती. त्या वर्षी ८ एप्रिलला पेसाखचा सेदेर होता. इस्राएलमध्ये एकाच गावातल्या आजीआजोबांनीही नातवंडांना भेटू नये, असा नियम होता. काही सेफार्दी रब्बींनी सांगितलं की एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी, केवळ या अडचणीपुरतं, सणाच्या आधी संगणक चालू करून ठेवून त्यावर सेदेरला बसावं. मुख्य रब्बींना ते मान्य झालं नाही. वाद झाला. पण मला त्या वादाचंही कौतुक वाटतं. म्हाताऱ्यांच्या एकटेपणाला काही वजन आहे का, हा प्रश्न निदान कुणीतरी मोठ्याने विचारला.

माझं भांडण पुढच्या काळाशी आहे. डिसेंबर २०२० मध्ये इस्राएलमध्ये लसीकरण सुरू झालं आणि मार्च २०२१ अखेर निम्म्या लोकसंख्येचे दोन्ही डोस झाले होते. आपल्याकडे १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. म्हणजे आता विचार करून, निवडून दार उघडण्याची वेळ आली होती. पण आजीआजोबा कोणत्या रांगेत? पर्यटकांच्या! मग जवळच्या नातेवाइकांसाठी सवलती निघाल्या. त्यांच्या अटी बदलत राहिल्या. आज चालतं ते पुढच्या महिन्यात चालत नसे. त्यात भारताचं नाव धोक्याच्या यादीत गेलं. माझा अर्ज कुठे अडकला ते सांगत बसत नाही. टेबलामागची माणसंही नियमांनी बांधलेलीच होती.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला आणि परदेशी माणसांना पुन्हा बंदी झाली. आणि त्याच डिसेंबरात एलातला विश्वसुंदरी स्पर्धा झाली! देशोदेशीच्या मुलींना खास परवानगी देऊन आत घेतलं गेलं. आपली हरनाझ संधू जिंकली, मला आनंदच झाला. त्या मुलींबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. दार पूर्ण बंद नव्हतंच. ते कुणासाठी उघडायचं याची एक यादी होती आणि त्या यादीत आम्ही खाली होतो.

आता दुसरी बाजू. एक भाचा, जो स्वतः डॉक्टर आहे, मला म्हणाला, "मावशी, तू तिथे आजारी पडली असतीस तर तिथल्या दवाखान्यातली एक खाट अडली असती. आणि एकाला सोडलं की हजारांना सोडावं लागतं." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण इस्राएलचे नागरिक, विमानतळच जवळजवळ बंद होता तो काळ सोडला, तर चाचणी करून, विलगीकरणात राहून येतजात होतेच. विषाणू काही पासपोर्ट बघत नाही. ज्या अटी लेकीला, त्याच अटी मला लावायच्या होत्या. दोन आठवडे एका खोलीत बसले असते. खर्च आम्ही केला असता. विमा आम्ही काढला असता.

आणि हे एकट्या इस्राएलचं नाही. आपल्या सरकारनेही मार्च २०२० मध्ये ओसीआय कार्डवाल्यांना काही काळ रोखलं होतं. ऑस्ट्रेलियात आईवडिलांना जवळच्या कुटुंबात धरायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. तोवर तिथल्या नियमाप्रमाणे नवरा-बायको जवळचे, मुलं जवळची, आणि ज्यांनी वाढवलं ते लांबचे. ज्यांची मुलं मेलबर्नला किंवा सिडनीला आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी चूक हिशेबाची झाली असं मला वाटतं. सगळ्यांची दोन वर्षं सारखी धरली. चाळिशीच्या माणसाला दोन वर्षांनी सहल पुढे ढकलता येते. पंच्याहत्तरीच्या माणसाला पुढे ढकलण्याएवढी वर्षं कुठे असतात? "तुमच्या जिवासाठीच हे चाललं आहे," असं आम्हाला सगळेच सांगत होते. पण या जिवाचं काय करायचं आहे, कशासाठी तो वाचवायचा, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. ह्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी शेवटी गेले ती एप्रिल २०२२ मध्ये. १ मार्चला इस्राएलने सगळ्यांना दार उघडलं होतं आणि २७ मार्चपासून आपल्याकडची नियमित विमानं सुरू झाली होती. निघण्याआधी चाचणी, उतरल्यावर पुन्हा नाकात काडी. एकटीच गेले. बाजूच्या सीटवर कुणीतरी अनोळखी गृहस्थ होते, ते सगळा वेळ झोपले. नातू तेव्हा एकवीस महिन्यांचा. मला बघून तो आत पळाला आणि आईचा मोबाईल आणून माझ्या हातात दिला. त्याच्या हिशेबी आजी त्यात राहायची. १५ एप्रिलच्या सेदेरला तो माझ्या मांडीवर बसला. गुडघे बोलायला लागले, पण उतरवला नाही.

पुढची साथ येईल तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे. पण ठरवणाऱ्यांनी चार गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. आईवडिलांची आणि आजीआजोबांची रांग पर्यटकांपासून वेगळी असावी. नागरिकांना ज्या अटी, त्याच त्यांना लावाव्यात. जो धोका ते स्वतःच्या जिवावर घेणार आहेत, त्याबद्दल त्यांनाही विचारावं. आणि बंदीचा आदेश काढताना तो पुन्हा कधी तपासणार ती तारीख त्याच कागदावर घालावी. आमच्या अडाणी आजीलासुद्धा दार लावताना ते कधी उघडायचं हे माहीत असायचं.

असो. तो व्हिडिओ मी जपून ठेवला आहे. नातू आता शाळेत जातो, हिब्रूत घडाघडा बोलतो, मराठी जेमतेम. लेक सांगत होती, तो व्हिडिओ बघून त्याने विचारलं, आजोबांच्या मांडीवर ते काय आहे? तिने सांगितलं, ती तुझी जागा.