जामीन

"मामा, फक्त एक सही हवी," असं भाचा म्हणाला की समजावं, रक्कम सहा आकडी आहे.

चिरंजीवांना नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. आरटीएक्स 5090. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं तेव्हाच किंमत 1,999 डॉलर! जुनं जळलं का? छे! 2022 सालचं 4090 ठणठणीत आहे.

मी पडलो बी. कॉम. मला चित्रांतलं कळत नाही, जमाखर्च कळतो. वीज 450 वॉटची 575 वर गेली; तेवढ्यात आमच्या मिक्सरवर चटणी होते. जाहिरात म्हणते, वेग दुप्पट. कसा? तर कार्ड एक चित्र खरोखर काढतं आणि पुढची तीन अंदाजाने भरतं! अहो, मी एक नोंद व्हाउचर बघून आणि तीन अंदाजाने केल्या असत्या, तर हा मजकूर तुरुंगातून लिहीत असतो.

सिनेमाची दृश्यं रचून पोट भरणाऱ्याने जरूर घ्यावं. 24 ऐवजी 32 जीबी मेमरी त्याला कामाची. यंत्रच हप्ते फेडील. भाचा रात्री बसून शत्रू मारतो. ते जुन्या कार्डावरही मरतात. मी स्वतः दोन मारून खात्री केली. (तिसऱ्याने मला मारलं, ते सोडा.)

सही केली नाही. भाचा न जेवता गेला.

चार दिवसांनी बहिणीचा फोन. "दादा, त्याच्या सासऱ्यांनी केली हो सही! आणि जुनं कार्ड तू घेतोस का, विचारतोय."

"किती म्हणतो?" मी हळूच विचारलं.