ओळख असू द्या

मराठीत ‘ओळख’ ही मोठी अजब वस्तू आहे. ती होते, वाढते, पटते. काही जण ती मिरवतात, काही ऐन वेळी देतच नाहीत. आणि काम अडले की ती काढावी लागते. वर्षानुवर्षे मी वर्गात हे वाक्प्रचार शिकवतो. पण त्यांच्या जोरावर एखाद्याचा संसार चालू शकतो, हे मला आमच्या एका मास्तरांमुळे कळले.

हे गृहस्थ माझे जुने स्नेही. विनाअनुदानित शाळेत वीस वर्षे गणित शिकवले. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी अर्धा. मुलगी बारावीला आली तेव्हा मास्तरांनी शाळेला रामराम ठोकला, परीक्षा दिली आणि ते विमा एजंट झाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत शंभर नावे लिहिली. मामा, मेहुणे, साडू, शाळेतले सोबती. मामांनी विमा उतरवला तो भाच्याच्या कळवळ्याने. साडूंनी विचारले, “तुझ्या कमिशनातले आम्हांला किती?” १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने असा वाटा देण्यास मनाई आहे, हे मास्तरांनी सांगितले मात्र, साडूंचे येणेजाणे थांबले. सहा महिन्यांत वही संपली. मास्तर जिन्यात दिसले की शेजाऱ्यांना घरी काहीतरी विसरल्याचे आठवू लागले!

अशात एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील वारले. त्यांचा विमा दुसऱ्याच कुणा एजंटाकडचा. पण त्या बाईंना पालकसभेत भेटलेले मास्तर आठवले. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, बँकेचे पासबुक—मास्तरांनी एकेक कागद जमवला, कचेरीत खेटे घातले. त्यात त्यांना छदाम मिळणार नव्हता.

महिनाभराने त्या बाईंचे दीर आले. स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस. म्हणाले, “वहिनींचे काम केलेत, आता आमचेही कागद बघा.” मास्तरांनी पाहिले, आणि नवी पॉलिसी गळ्यात मारायचे सोडून सांगितले, “जुनी मोडू नका. फक्त वारस म्हणून अजून आईचे नाव आहे. ती आता नाहीत ना? तिथे बायकोचे घाला.” त्या दिवशी विक्री शून्य. पण पुढच्या पंधरवड्यात टेम्पोच्या अड्ड्यावरचे सहा चालक मास्तरांचा पत्ता विचारत आले.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका निबंधात दाखवले, की नोकरीची वार्ता माणसाला जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीतून अधिक मिळते. कारण उघड आहे. जिवलगांचे जग आपलेच जग असते. दूरची ओळख दुसऱ्या वस्तीचे दार उघडते. मास्तरांचे शंभर नातलग एकाच मांडवातले होते. टेम्पोचा अड्डा हा निराळाच गाव!

लक्ष्मणराव किर्लोस्करही आधी मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून ते बेळगावात सायकली विकू लागले. नुसत्या विकल्या नाहीत, लोकांना त्यांवर बसायलाही शिकवले. पुढे कारखान्याला जागा उरली नाही, तेव्हा त्यांना ओळखणाऱ्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. धंदा बदलला तरी मास्तरकी वाया जात नाही, ती अशी. समोरच्याला काय येत नाही हे ओळखून तेवढे समजावून देणे, हीच विक्रीची निम्मी विद्या आहे.

आमच्या मास्तरांनी आता नवी वही केली आहे. तिच्यात ‘पॉलिसी घेतली की नाही’ असा रकाना नाही. ‘यांचे काय अडले आहे’ असा आहे. महिन्याची मिळकत अजूनही कमीजास्त होते, पण मुलीची फी वेळेवर जाते.

या दिवाळीत तुमच्याकडेही असा कुणी नव्या धंद्यात पडलेला मनुष्य बॅग घेऊन येईल. वस्तू नको असेल तर तसे स्वच्छ सांगा. दयेपोटी घेऊ नका. दयेच्या गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. पण त्याला चहा पाजा, आणि तुमच्या माहितीत त्याची खरी गरज असलेला एखादा माणूस असेल, तर त्याच्याशी गाठ घालून द्या. निघताना तो “ओळख असू द्या” म्हणेल. त्याच्या दृष्टीने ते नुसते उपचाराचे वाक्य नसते.