झाड ठेवावे की तोडावे?

12 डिसेंबर 2016 च्या सोमवारी दुपारी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. काही तासांत शहरातली हजारो झाडे आडवी झाली, विजेच्या तारा तुटल्या आणि अनेक भाग कित्येक दिवस अंधारात राहिले. रुंद, सावलीच्या रस्त्यांसाठी नावाजलेल्या अण्णा नगरातही संध्याकाळी घराबाहेर पडणाऱ्यांना रस्ता दिसेना. दिसत होता तो पालापाचोळा आणि त्याखाली दबलेल्या मोटारी.

त्यानंतरच्या आठवड्यात करवतीचा आवाज थांबला नाही. पडलेली झाडे तोडून झाली, मग उभ्या झाडांची पाळी आली. भीतीच तशी होती. ज्या झाडाखाली मुले लहानाची मोठी झाली, तेच आता छपरावर कोसळेल असे वाटू लागले.

अण्णा नगर ही फार जुनी वस्ती नव्हे. 1968 साली येथे मोठे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरले होते. त्या वेळी उभारलेला विश्वेश्वरय्या मनोरा बागेत आजही उभा आहे. बरीच वर्षे बंद राहिल्यावर 2023 मध्ये तो पुन्हा लोकांसाठी उघडला. प्रदर्शनानंतर गृहनिर्माण मंडळाने आखलेली ही वसाहत 1970 च्या दशकात भरत गेली. लोकांनी घरे बांधली आणि अंगणात कडुनिंब, आंबा, नारळ, करंज लावले. रस्त्याच्या कडेला गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष वाढले. म्हणजे घर आणि झाड यांचे वय जवळजवळ एकच. पन्नाशी गाठलेल्या घराला गिलावा, रंग, नवे नळ मिळतात. झाडाकडे मात्र वादळाचा इशारा आला की मगच पाहिले जाते. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या जुन्या बंगल्यांत याहून वेगळे काही घडत नाही.

घरात या प्रश्नावर एकमत क्वचितच असते. सासूबाईंना कडुनिंब हवा असतो. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंबाची पाने खातात, तसे तमिळ घरांत नववर्षाच्या पचडीत त्याची फुले घालतात. झाड गेले तर फुले बाजारातून आणायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. मुलाला मोटारीसाठी जागा हवी असते. सुनेची काळजी सर्वांत खरी असते, कारण मुलांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या फांदीखाली असते. अशा वेळी ‘झाड लावा, झाड जगवा’ हे भिंतीवरचे वाक्य कोणाच्याच कामाला येत नाही. झाड मजबूत आहे की नाही, हे कळायला हवे.

वरदानंतर एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. गुलमोहर आणि सोनमोहर फार मोठ्या संख्येने पडले होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि डोक्यावर छत्रीसारखा पसारा. पण सगळा दोष परदेशी झाडाच्या माथी मारणे सोपे आहे, बरोबर नाही. कडुनिंबही पडलेच. झाड का पडले हे पाहायला पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी जावे लागते, आणि तिथे बहुतेक वेळा माणसाचाच हात दिसतो.

झाड वर जितके उंच तितकेच खाली खोल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि झाडाच्या सावलीच्याही बाहेर दूरवर पसरतात. गटारासाठी एक चर खणला, कुंपणाच्या भिंतीचा पाया घेतला, की एका बाजूची मुळे साफ तुटतात. झाड त्या दिवशी पडत नाही. दोन-चार वर्षे हिरवेगार दिसते, आपण चर विसरून जातो, आणि एखाद्या पावसाळी वाऱ्यात ते नेमके त्याच्या उलट बाजूला कलंडते. जून 2022 मध्ये चेन्नईच्याच के. के. नगर भागात मोटारीवर मोठे झाड कोसळून एका बँक अधिकारी महिलेचा मृत्यू झाला. जवळच पावसाळी गटाराचे काम चालू होते. खोदकामाने मुळे दुबळी झाली होती का, यावर तेव्हा बराच वाद झाला. वादाचा निकाल काहीही असो, आपल्या फाटकाशी खोदकाम सुरू होईल त्या दिवशी बाहेर येऊन चर झाडापासून किती दूर आहे हे पाहावे आणि जाड मूळ दिसताच ठेकेदाराला थांबवावे. तेवढा वाईटपणा घ्यायला हरकत नाही.

दुसरी चूक अलीकडची आहे. 2015 च्या महापुरानंतर चेन्नईत अनेकांनी अंगणात भराव टाकून जमीन उंच केली. घरात पाणी शिरू नये हा हेतू योग्यच, पण त्या भरावात बुंधा फूट-दीड फूट गाडला जातो. जमिनीला टेकतो तिथे बुंधा थोडा पसरट असायला हवा. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला, तर झाड गाडले गेले आहे असे समजावे. गाडलेली साल कुजते, मुळांना हवा मिळत नाही. माती हाताने हळूहळू काढून बुंधा मोकळा करावा. फरशीचेही तसेच. खोडाला घट्ट भिडवलेल्या फरशा उखडून निदान तीन-चार फुटांचे मोकळे आळे ठेवावे. पाणी मात्र बुंध्याशी ओतू नये. फांद्यांची सावली जिथे संपते त्या कडेने द्यावे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईची धरणे आटली आणि माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागली. असल्या दिवसांत तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडाला पुरेसे नसले तरी उपयोगी पडते.

आता छाटणी. येथे सर्वांत जास्त नुकसान होते आणि तेही पैसे देऊन. झाडाचे डोके उडवले की ते सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. तोडलेल्या जागी झाड घाईने झुबक्यांनी नव्या फांद्या काढते. त्या वरवर चिकटलेल्या असतात आणि काही वर्षांत जड होऊन तुटतात. अमेरिकेच्या वनखात्यातील अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतून पाहिली. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालून तो बंदिस्त करते, हे त्यांनी 1970 च्या दशकात मांडले. त्यावरून दोन गोष्टी निघतात. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. काप त्या कड्याच्या बाहेर घ्यावा, खोडाला घासून नव्हे, आणि फूटभर खुंटही ठेवू नये. दुसरे म्हणजे कापावर डांबर फासण्याचा काही फायदा नाही. ढोलीत सिमेंट भरणे तर वाईटच. ते वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही आणि आत ओल धरून ठेवते.

जड फांदी एका दमात कापू नये. खोडापासून फूटभर दूर आधी खालून थोडे चिरावे, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदी उतरवावी आणि उरलेला खुंट शेवटी कड्याशी नीट काढावा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकावे. महाराष्ट्रात जूनच्या आधी. आणि तोडणारा ‘पैसे नकोत, लाकूड नेतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करावा. त्याचा फायदा जाड फांद्यांत आहे, तुमचा त्या राहण्यात. मजुरी ठरवावी, कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर खडूने खुणा कराव्यात आणि काम होईपर्यंत खाली उभे राहावे.

परवानगीचेही पाहावे. झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी महाराष्ट्रातील शहरांत 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय ते तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते. ज्या शहरात राहता तेथील महानगरपालिकेत आधी चौकशी करावी.

मग धोका ओळखायचा कसा? नुसती ढोली पाहून घाबरू नये. पोकळ नळीही मजबूत असते. शाबूत लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एकतृतीयांश असेल तर झाड सहसा तग धरते. घाबरावे ते बुंध्याशी अळंबी उगवली, एका बाजूची जमीन उचलली किंवा भेगाळली, झाड नव्याने कलू लागले किंवा दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर दिसली तर. असे काही दिसले तर जाणकाराला त्याच आठवड्यात बोलवावे, आणि तोवर मुलांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवावा. जाणकाराने तोडा म्हटले तर तोडावे. त्यात पाप नाही.

उलट, कडुनिंबाच्या शेंड्याकडच्या डहाळ्या वाळल्या म्हणून घाई करू नये. गेल्या काही वर्षांत दक्षिणेत हे दुखणे खूप दिसले आहे. जळल्यासारखी दिसणारी अनेक झाडे पुन्हा पालवतात. एक पावसाळा जाऊ द्यावा.

चेन्नईतच अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात शेकडो वर्षांचा वड आहे. 1989 च्या वादळात त्याचे मुख्य खोड कोसळले. पारंब्यांनी धरलेली त्याची बाकीची खोडे आजही सावली देत आहेत. अंगणातल्या कडुनिंबाला पारंब्या नसतात. त्याच्या बुंध्याशी अजून फरशी असेल, तर येत्या रविवारी पहार घेऊन ती काढता येईल.