हीट रॅप विकायच्या आधी गाडी मोजा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने विचारलं, "सर, गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकतोय. हीट रॅप, गोल्ड टेप, टर्बो ब्लँकेट ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणतात."

मार्जिन चांगलं आहे, खोटं कशाला सांगू? माल लहान, जागा कमी लागते, एक्स्पायरी नाही. रिमॅप केलेल्या टर्बो गाड्यांची पोरं स्वतःहून विचारत येतात. तरी माझं मत स्पष्ट आहे. ज्या दुकानात तापमान मोजायची तयारी नाही, त्याने हे सामान गाडीला बसवून देऊ नये. हे मत मला फुकटात मिळालेलं नाही. ते कसं मिळालं, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एक गिऱ्हाईक रिमॅप केलेली टर्बो हॅचबॅक घेऊन आलं. तक्रार एकच, ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, पिकअप पडतो. मी बॉनेट उघडलं, डाउनपाइप बघितला आणि लगेच रॅपचा भाव सांगितला. दोन तासांत काम झालं. नवीन रॅप पहिल्यांदा तापला की त्यातला बाइंडर जळतो आणि थोडा धूर येतो, हे मला माहीत होतं. म्हणून त्याला म्हटलं, "पहिले काही दिवस धूर दिसेल, घाबरू नको."

मी एक गोष्ट बघितली नव्हती. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल पाझरत होतं. आधी ते पाइपवर पडून जळून जायचं, थोडा वास यायचा, बस्स. आता ते रॅपमध्ये मुरायला लागलं. रॅप स्वतः पेट घेत नाही, पण तेल प्यायलेला रॅप म्हणजे गरम पाइपाभोवती गुंडाळलेली वातच. धूर येत राहिला आणि तो पोरगा निवांत राहिला, कारण मीच त्याला निवांत राहायला सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "दादा, खंडाळ्याच्या घाटात आहे, बॉनेटमधून जाळ दिसतोय." त्याचं डोकं शाबूत होतं. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट पूर्ण न उघडता फटीतून एक्स्टिंग्विशर मारला. सगळे सुखरूप. वायरिंग आणि दोन सेन्सर गेले, ते मी माझ्या खर्चाने भरून दिले. त्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण परत दुकानात आलाही नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. माझी चूक नेमकी कुठे झाली? माल चांगला होता, बसवलाही नीट होता. मी निदान न करता औषध दिलं.

उष्णता तीन वाटांनी जाते, हे आपण शाळेत शिकलो. बॉनेटखाली प्रत्येक वाटेला वेगळा इलाज लागतो. मॅनिफोल्ड आणि टर्बोमधून किरणांच्या रूपाने येणारी उष्णता अडवायची तर मध्ये चकचकीत पत्रा किंवा फॉइल हवं. ही उष्णता तापमानासोबत भयंकर वाढते. पाइप ४०० अंशांवरून ६०० अंश सेल्सिअसवर गेला, तर तो जवळपास पावणेतीन पट उष्णता फेकतो. दुसरी वाट म्हणजे बॉनेटखाली कोंडलेली गरम हवा. तिला बाहेर जायला रस्ता लागतो, तिथे टेप काही करत नाही. तिसरी वाट म्हणजे धातूला धातू चिकटून पुढे सरकणारी उष्णता. ब्रॅकेटवरून शील्डमध्ये, शील्डवरून वायरमध्ये.

आता बाजारात काय दिसतं ते बघा. गोल्ड टेप थेट एक्झॉस्ट पाइपला चिकटवलेली असते. अहो, ती टेप गार वस्तूसाठी आहे. इनटेक पाइप, फायरवॉल, वायरिंगची स्लीव्ह, यांवर लावली तर येणारी किरणं ती परत फेकते. एक्झॉस्टवर लावली की गोंद जळतो, टेप सुटते. शील्डचा पत्राही पाइपला टेकवून बसवतात. मधली बोटभर हवा हीच खरी इन्सुलेशन असते, ती घालवली की शील्डच तापून पुढचं सगळं तापवतो. टर्बो ब्लँकेट फक्त टर्बाइनच्या बाजूला घालायचं असतं. मधल्या बेअरिंगच्या भागावर ओढून घेतलं, तर तिथली उष्णता कोंडते आणि तेल करपतं. रॅपचंही तसंच. तो उष्णता आत धरतो, म्हणजे पाइपचा धातू आधीपेक्षा जास्त तापतो. जुना, पातळ माइल्ड स्टीलचा पाइप असेल तर रॅपखाली ओल धरून गंजतो, चिरतोही.

कोणीतरी मोबाइलवर मॅकलॅरेन एफ-१ चा फोटो दाखवतंच, "यात तर खरं सोनं लावलंय!" बरोबर आहे. १९९० च्या दशकातल्या त्या गाडीच्या इंजिन बेला आतून सोन्याचं फॉइल आहे, साधारण १६ ग्रॅम. पण ते लावलंय कुठे? इंजिनाभोवतीच्या भिंतींवर, म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्यावर. एक्झॉस्टला सोनं गुंडाळलेलं नाही. सोन्याच्या रंगाची टेप विकताना हा फरक गिऱ्हाइकाला सांगा.

मोजमापाचं बोलू. इन्फ्रारेड गन सगळ्यांकडे असते, पण चकचकीत पृष्ठभागावर ती खरा आकडा दाखवत नाही, बराच कमी दाखवते. म्हणून टेप लावल्यावर टेपवरच गन धरून "बघा, किती उतरलं!" म्हणणं ही फसवणूक आहे, नकळत केली तरी. ज्याला वाचवायचं ती वायर, तो होज, ती इनटेकची हवा मोजा. तिथे थर्मोकपल बांधा, एक फेरी मारून आणा, मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत आकडा घ्या. पंखा आणि पाणी थांबल्यावर बॉनेटखालचं तापमान वर चढतं, प्लॅस्टिक आणि रबर तेव्हाच भाजतं. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० ते १०५ अंशांच्या आसपास असते, तिच्याजवळ काय आकडा येतोय ते बघा. इनटेकची हवा ४० वरून ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच जागेत साधारण ६ टक्के कमी हवा मावते. गिऱ्हाइकाच्या पिकअपच्या तक्रारीत हे किती आणि बंद पडलेल्या पंख्याचं किती, हे मोजल्यावरच कळतं.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढं करत बसलो तर धंदा कधी करायचा? समोरचा दुकानदार अर्ध्या तासात गुंडाळून देतो." हा प्रश्न बरोबर आहे. बऱ्याच पोरांना फक्त लूक हवा असतो, हेही मला मान्य आहे. पण टेपचा रोल ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. मालाच्या भावात तुम्ही त्याला कधीच हरवणार नाही. तपासणी मात्र ऑनलाइन येत नाही. मी आज तपासणीचे १,५०० रुपये घेतो आणि काम केलं तर बिलातून वजा करतो. तपासणीनंतर बरेचदा मी रॅप विकतच नाही. पॅकिंग बदला, पंखा दुरुस्त करा, कंपनीचा काढून टाकलेला शील्ड परत लावा, असं सांगतो. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडतं. पण तोच माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो.

तुमच्या दुकानासाठी चार नियम लिहून ठेवा.

१. तेल, पेट्रोल, कूलंट, कुठलीही गळती दिसली तर रॅप नाही. आधी गळती बंद.

२. कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे जॉब कार्डवर, गिऱ्हाइकाच्या सहीसह.

३. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटीचं पुस्तक त्याच्यासमोर उघडायचं, निर्णय त्याचा.

४. धूर किती वेळ चालेल ते नीट सांगायचं. मी आता पहिला धूर दुकानातच काढून टाकतो आणि सांगतो, "यानंतर धूर दिसला तर गाडी थांबव, मला फोन कर." ५०० किलोमीटरनंतर फेरतपासणी फुकट.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष सेवेची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर आहे, हेही लक्षात असू द्या. पण खरं सांगायचं तर मला कायद्याची भीती वाटत नाही. मला तो घाटातला फोन आठवतो. बॉनेटखाली काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, तो तुमच्या शब्दावर गाडी चालवतो. थर्मोकपल आणि मीटरचा खर्च रॅपच्या थोड्या रोलांइतकाच येतो. दुकान टाकताना पहिली खरेदी ती करा, माल नंतर भरा.