ठोके शांत झाले, तरी गोळी सुरूच का?

‘नाडी आता छान चालते, मग ही गोळी कशाला?’ असे म्हणून मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल परस्पर बंद करणारी ज्येष्ठ मंडळी माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. येतात ती मात्र धडधड किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यावर.

हृदयाच्या पेशीच्या आवरणात बीटा-१ रिसेप्टर नावाचे प्रथिन असते. अमिनो आम्लांची ही एकच लांब साखळी शिवणीच्या दोऱ्यासारखी आवरणातून सात वेळा आरपार जाते. त्या सात मळसूत्री वेटोळ्यांच्या मधोमध, बाहेरच्या बाजूस, एक खळगा असतो. अ‍ॅड्रेनॅलिन तेथे येऊन बसते. याला कुलूप-किल्लीची उपमा देतात. मला ती अपुरी वाटते, कारण किल्लीने कुलपाचा आकार बदलत नाही. येथे वेटोळी सरकतात, आतली बाजू उघडते, तेथे जी-प्रथिन चिकटते आणि ठोके जलद व जोराने पडू लागतात. याच कुळातील बीटा-२ रिसेप्टर जी-प्रथिनासह कसा दिसतो, हे २०११ साली उलगडले. पुढच्याच वर्षी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपली गोळी त्याच खळग्यात बसते, पण वेटोळ्यांना जागे करीत नाही. नुसती जागा अडवते. शरीर मात्र स्वस्थ बसत नाही. संदेश कमी पोहोचतो असे पाहून पेशी दीर्घकाळात आपल्या पृष्ठभागावर अधिक रिसेप्टर मांडते. गोळी एकाएकी थांबली, की त्या वाढलेल्या जागा मोकळ्या होतात आणि अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम पूर्वीपेक्षाही तीव्र होतो. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्या रुग्णाला यातून झटकाही येऊ शकतो.

म्हणून गोळी बंद करायची असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू मात्रा उतरवूनच. घरातल्यांनी पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी नवे आणावे. गावी लग्नकार्याला निघताना तर विशेष लक्ष ठेवावे. रुग्णाला मधुमेह असल्यास आणखी एक ध्यानात ठेवा: साखर उतरल्यावर होणारी धडधड व थरथर या गोळीने झाकली जाते, घाम मात्र सुटतो. आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालत असाल, तर तेही याच जातीचे औषध आहे. थेंब रक्तात उतरतात. दमा असल्यास ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा.