पाद्रीमामानं सही केली नाही

ख्रिस्ती धर्मावर मी काही लिहीन असं सहा महिन्यांपूर्वी कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी बौद्ध. मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडं हमाल. कविता लिहितो. देव या शब्दाशी माझं लहानपणापासून वाकडं. तरी लिहितोय. कारण एक कागद डोक्यातून जात नाही.

आमच्या टोळीत पन्नाशीचा एक माणूस होता. नगर जिल्ह्यातला. आजा महार, तो ख्रिस्ती झालेला. टोळी त्याला पाद्री म्हणायची, मी पाद्रीमामा. डबा उघडण्याआधी तो डोळे मिटायचा. आम्ही खिदळायचो. मी जरा जास्तच. म्हणायचो, "मामा, दोन हजार वर्षं तुझा येशू खिळ्यांवर लटकलाय. त्याला खाली उतरव, इथं गोण्या उचलायला माणूस कमी आहे." मामा म्हणायचा, "सुताराचा पोरगा होता रे तो. उचलल्या असत्या त्यानं." आणि भाकर मोडायचा.

पावसाळ्यात एका रातपाळीला स्लिंग तुटली. गोण्या खाली आल्या. बिहारचा एक पोरगा, वीस वर्षांचाही नसेल, त्याचा पाय चेंदला. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. नाव नाही म्हंजे माणूस नाही, माणूस नाही म्हंजे भरपाई नाही. पहाटे मुकादम कागद घेऊन आला. कागदावर लिहिलेलं : सदर इसम कामावर नव्हता, दारू पिऊन आत घुसला. खाली टोळीनं सह्या करायच्या.

मी सही केली.

आदल्याच शनिवारी मी एका सभेत कविता वाचली होती. कविता कामगारांच्या रक्ताची. टाळ्या पडल्या होत्या. तो हात आणि सही करणारा हात एकच.

कागद मामाकडं गेला. त्यानं खिशातून चष्मा काढला. सगळा वाचला. आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. मग म्हणाला, "हे खोटं आहे," आणि कागद परत दिला. भाषण नाही, घोषणा नाही. मुकादमानं आयमाय काढली. मामा गप. दुसऱ्या दिवसापासून मामाला काम बंद.

पुढं भेटला तेव्हा विचारलं, "मामा, का नाही केलीस सही?" तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये कुठलं तोंड घेऊन बसलो असतो?" एवढंच. आणि निघाला दवाखान्यात, त्या पोराला डबा द्यायला. पोरगा ख्रिस्ती नाही, नात्याचा नाही, मामाची भाषाही त्याला धड येत नाही.

दोस्तांनो, आता तुम्ही म्हणाल, हा फिरला. मिशनऱ्यांच्या दुधाच्या पावडरीवर गेला. थांबा. चर्च म्हणून जे उभं आहे, त्याचा हिशेब मला पाठ आहे. माणूस माणसाला शिवतो असं सांगत जो धर्म आला, त्यानं तिरुचिरापल्लीच्या कब्रस्तानात अस्पृश्य ख्रिस्त्यांच्या थडग्यांना वेगळं करणारी भिंत सोसली. मेल्यावरही विटाळ! मामाच्या गावी महार ख्रिस्ती एका अंगाला, मांग ख्रिस्ती दुसऱ्या अंगाला बसत. हे मामानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांबद्दल लिहून ठेवलं, ते छापून आलं 1989 मध्ये, सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात. त्यांचा मुद्दा असा, की तुझ्या दुर्दशेचं मूळ पापात आहे असं शिकवलेला माणूस भोवतालच्या समाजाकडं बोट दाखवायला शिकत नाही. हा घाव मामालाही लागतो. मामा कधी युनियनच्या मीटिंगला आला नाही. आपण खरं वागावं, बाकी प्रभू बघेल. प्रभू बघत बसला आणि मुकादमानं दुसरा हमाल उभा केला. एकट्याच्या खरेपणानं हजेरीपट बदलत नाही, हे मला मामाला सांगायचंच आहे.

पण त्याआधी दुसऱ्या एका कागदाचं सांगतो. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जात म्हणून कोण, तर फक्त हिंदू. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अट तशीच. म्हंजे गावानं पाणी वरून ओतायचं, आणि सरकारनं म्हणायचं तू अस्पृश्य नाहीस, तुझा धर्म समतेचा आहे! म्हणून कितीतरी घरांत दोन नावं चालतात. चर्चच्या वहीत एक, शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. त्यांना मी नावं ठेवत नाही. पोटाला दाखला लागतो, आणि खोटेपणा त्यांचा नाही, कायद्याचा आहे.

मामानं त्या कागदावरही 'ख्रिस्ती' लिहिलं. पोरीची स्कॉलरशिप गेली. पोरगी हुशार, आज दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. हे लिहिताना माझा हात अडखळतो. बापाच्या खरेपणाची किंमत पोरीनं का भरायची? मी मामाला हे विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीच एक गोष्ट मी रोज प्रार्थनेत मागतो. उत्तर येत नाही." श्रद्धेचा एवढा प्रामाणिक जबाब मी कुठल्या प्रवचनात ऐकला नाही.

आणि श्रद्धा एकट्यापुरतीच राहते असंही नाही. आमच्याच धंद्यातलं सांगतो. 1941 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात जाक लोएव्ह नावाचा एक पाद्री गोदी कामगार झाला. उपदेशाला नाही आला, माल उतरवायला आला. असे आणखी निघाले. कारखान्यात, बंदरात, युनियनमध्ये, संपात. मिशेल फाव्रो हा असाच पाद्री 1951 मध्ये बोर्दोच्या बंदरात काम करताना मालाखाली मेला. आमच्यासारखा. मग वरच्यांना घाम फुटला. 1954 मध्ये हुकूम निघाला, कामावरून परत या. काही आले, काहींनी हुकूमच मानला नाही. 1965 मध्ये चर्चला ती वाट पुन्हा मोकळी करावी लागली. पाद्री गरिबांना दान देतो तोवर तो संत. गरिबांच्या टोळीत नाव घालतो, तेव्हा त्याचेच साहेब त्याला बोलावून घेतात.

लांब कशाला जा? स्टॅन स्वामी. झारखंडात आदिवासींच्या बाजूनं उभा राहिलेला जेझुइट पाद्री. भीमा कोरेगावच्या केसमध्ये 8 ऑक्टोबर 2020 ला उचलला. कंपवातानं हातात पेला धरवत नव्हता. तळोजाच्या तुरुंगात पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला याच मुंबईत, कैदेत असतानाच, वारला. वय 84. कोरेगावचा स्तंभ आपला म्हणणाऱ्या आपण किती जणांनी त्या म्हाताऱ्यासाठी रस्ता अडवला?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कुणाचा धर्म खरा हे त्याच्या पोथीवरून, घंटेवरून, गळ्यातल्या क्रुसावरून ठरवू नका. मुकादमाचा कागद समोर येतो तेव्हा तो काय करतो, ते बघा. ही कसोटी पाद्र्यांना लावा, बिशपांना लावा. आणि मग आपल्यालाही लावा. मी रोज पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. 22 प्रतिज्ञांतही तेच आहे. मी ते पोपटासारखं म्हणत होतो. ज्याला मी हसत होतो तो माणूस ते जगत होता, वेगळ्या देवाच्या नावानं.

तेव्हा छापून ठेवा. तो पोरगा त्या रात्री कामावर होता. दारू प्यालेला नव्हता. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्या कागदावरची माझी सही खोटी आहे आणि ती मी परत घेतो आहे. लेबर कोर्टात बोलवा, हेच सांगेन. टोळीतल्या आणखी तिघांशी बोललोय. एक तयार आहे.

मामाला म्हटलं, आता तूही चल आमच्यासोबत. एकट्यानं नको. तो म्हणाला, "रविवार सोडून कधीपण."